पर्चीतली पाचवी ओळ

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी सुमन शिर्के हे नाव घेईन. ग्वाल्हेरमध्ये हे नाव फारसं कुणाला ठाऊक नसेल. नया बाजारातल्या ज्या सोनोग्राफी सेंटरमध्ये त्या बावीस वर्षं होत्या, तिथेसुद्धा त्यांना या नावाने कुणी हाक मारत नसे. तिथे त्या जिज्जी होत्या. आमच्याकडे मोठ्या बहिणीला जिज्जी म्हणतात. पण सत्तरीचे म्हातारेही त्यांना जिज्जीच म्हणत, डॉक्टरसाहेबही म्हणत, आणि चोवीस वर्षांचा मीही म्हणत असे.

मी लिहिलेल्या एका ओळीमुळे त्यांची तिथली जागा गेली. ती चूक माझी होती, हे मी त्या वेळी तोंड उघडून सांगितलं नाही. त्याला आता पाच वर्षं झाली. जिज्जींबद्दल लिहायचं तर हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं कौतुक खोटं वाटेल.

मी ग्वाल्हेरजवळच्या डबऱ्याचा. वडील शिंपी. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळाही हिंदीच. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. निकालाचा कागद वडिलांनी शिलाई मशीनच्या वर, टेप टांगायच्या खिळ्याला अडकवला होता. गिऱ्हाइकाचं माप घेताना ते त्याच्याकडे एकदा बघून घेत. त्या कागदाच्या जोरावर मला सेंटरमध्ये कॉम्प्युटरवर बसायचं काम मिळालं. डॉक्टरसाहेब आतून इंग्रजीत बोलत, मी रिपोर्ट टाइप करत असे. शिवाय नंबर देणं, फॉर्म भरून घेणं, फोन उचलणं.

सेंटर पहिल्या मजल्यावर होतं, खाली कापडाचं दुकान. वर यायला एकोणीस पायऱ्या. सोनोग्राफीला येणारी माणसं अर्धी उपाशी आणि अर्धी पोटात पाणी भरून आलेली, त्यामुळे त्या पायऱ्या चढून वर आलेल्या माणसाचा चेहरा कधी हसरा नसे. वर दोन बाकं, एक कूलर, माझं टेबल, आणि आतल्या अंधाऱ्या खोलीचा जाड निळा पडदा. त्या पडद्यापाशी एक प्लास्टिकचं स्टूल. ते जिज्जींचं.

जिज्जी उंचीने लहान, खांदे पडलेले. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, मनगटात पुरुषी घड्याळ. त्यांचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे आले, असं त्या सांगत, पण अभिमानाने नाही. मधल्या कुणीतरी घोडा विकला आणि तेव्हापासून सगळे पायीच चालताहेत, असं म्हणत. शिक्षण सहावी. कागदोपत्री त्या अटेंडंट होत्या. म्हणजे नाव पुकारायचं, पेशंटला आत नेऊन आडवं करायचं, जेल लावायचं, तपासणी झाली की पुसायला कागद द्यायचा. पण त्यांचं खरं काम होतं सांगणं. सकाळी नऊपासून त्या सांगत राहत आणि दुपारी दोनपर्यंत त्यांचा आवाज बसलेला असे.

पोटाची तपासणी असेल त्याने उपाशी यायचं. खाल्लं की पित्ताची पिशवी आकसून जाते, आतड्यात वारा भरतो, आणि वाऱ्यापलीकडचं मशीनला दिसत नाही. ओटीपोटाची असेल त्याने तासभर आधी चार पेले पाणी प्यायचं आणि लघवी थांबवून धरायची. का, असं लोक विचारतच. तेव्हा जिज्जी म्हणत, "भरी हुई थैली खिड़की है भैया. खिड़की खुलेगी तभी तो डॉक्टर को अंदर का कमरा दिखेगा." कपडे सैल घाला. जुने रिपोर्ट आणा, मागच्या वर्षीचा खडा केवढा होता ते कळल्याशिवाय या वर्षीचा वाढला की नाही हे कोण सांगणार? गर्भवती असेल तर ओळखपत्र आणा, फॉर्म भरल्याशिवाय आत नेणार नाही, कलेक्टरची सून असली तरी.

आणि भीती. करंट लागेल का? किरणांनी बाळाला काही होईल का? पुन्हा पुन्हा केलं तर रक्त सुकतं म्हणतात, खरं का? यावर जिज्जींचं एक ठरलेलं उत्तर होतं. ते बायकांना सांगताना त्या नवऱ्याकडे बघत. यात किरणं नाहीत, नुसता आवाज आहे, पण इतका बारीक की आपल्याला ऐकू येत नाही. "जैसे तुम्हारी आवाज इनको सुनाई नहीं देती." बाक हसायचं. नवराही हसायचा, आणि ती बाई आत जाताना जरा सैल झालेली असायची.

पाण्याचा एक स्टीलचा जग त्यांच्या स्टुलाखाली असे. कुणाचं पोट खरंच भरलंय आणि कोण नुसतं म्हणतंय, हे त्यांना पायांवरून कळे. एकदा एक वकील आले. ओटीपोटाची तपासणी, नंबर अकरावा. आल्यापासून त्यांचा धोशा, की आता धरवत नाही, मला आधी घ्या. जिज्जींनी दोनदा नुसतं बघितलं. तिसऱ्यांदा वकीलसाहेब म्हणाले तेव्हा पाणी भरलेला पेला त्यांच्यापुढे धरून म्हणाल्या, "वकील साहब, जिसका भर जाता है वो टाँग पे टाँग रखके अख़बार नहीं पढ़ता. ये दो गिलास और पी लो." वकिलांनी घडी घालून पेपर ठेवला आणि प्यायले. नंतर त्यांना खरंच धरवेना तेव्हा जिज्जींनी त्यांना दोन नंबर आधी आत घेतलं, बाकीच्यांना हात जोडून. मला म्हणाल्या, "आता खरं बोलून राहिले."

ग्वाल्हेरचा जानेवारी ज्याने बघितलाय त्याला ठाऊक आहे, उघड्या पोटावर गार जेल पडणं म्हणजे काय. जिज्जी जेलची बाटली गरम पाण्याच्या डब्यात उभी करून ठेवत. डब्यातलं पाणी तासातासाला बदलत, आणि लावण्याआधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून बघत, लहान मुलाच्या दुधासारखा. डॉक्टरसाहेब सुरुवातीला चिडत, याने वेळ जातो म्हणत. पुढे त्यांनी सोडून दिलं. ते साठीचे होते, दिवसभर अंधारात पडद्याकडे बघून त्यांचे डोळे कायम लाल असत. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. ते सेंटरच एकूण थकलेलं होतं. कूलर थकलेला, बाक थकलेलं, इन्व्हर्टर तर फारच. जिज्जीही थकलेल्या होत्या, फक्त त्यांचं थकणं दुसऱ्याच्या अंगावर येत नसे.

डॉक्टरसाहेब तपासताना बोलत नसत. पेशंटला ते सगळ्यांत जड जाई. अंधारात आडवं पडलेलं माणूस त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राही, आणि ते गप्प झाले की समजून चाले, की काहीतरी आहे. म्हणून जिज्जी प्रत्येकाला आत नेण्याआधी सांगत: डॉक्टर गप्प राहतील. गप्प म्हणजे वाईट नाही, ते मोजतात. मोजताना तुम्ही भाजीवालीशीसुद्धा बोलत नाही. श्वास रोखा म्हणाले तर रोखा, कुशीवर वळा म्हणाले तर वळा, दाबल्यावर कुठे दुखलं तर तेही सांगा. एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरवलं तर तेही वाईट नाही, वारा आडवा आला असेल.

बाहेर आल्यावर लोक पायऱ्यांवर त्यांना गाठायचे. जिज्जी, तुम्ही तर रोज बघता, काय आहे सांगा न. त्या कधीही सांगत नसत. तुम्हाला ज्या डॉक्टरने पाठवलं तो तुम्हाला ओळखतो, आमचा डॉक्टर तुमचं पोट ओळखतो, दोन्ही जुळवायचं काम त्याचं, असं म्हणून त्या रिपोर्टचं पाकीट हातात देत. आणि रिपोर्ट चांगला आला म्हणून दुखणं अंगावर काढू नका, हेही. ही तपासणी आजची आहे, आणि सगळंच काही यात दिसत नाही.

एकदा एक सासू सुनेला घेऊन आली होती. पाचवा महिना. भिंतीवर मोठ्या अक्षरात पाटी होती, की गर्भाचं लिंग सांगितलं जात नाही, तो गुन्हा आहे. सासूने पाटी वाचली, पिशवीतून मिठाईचा डबा काढला आणि जिज्जींच्या मांडीवर ठेवला. नाव घेऊ नका म्हणाली, फक्त एवढंच सांगा की घरी जाताना लड्डू घेऊ की जलेबी. मी टायपिंग थांबवलं. जिज्जींनी डबा परत तिच्या पिशवीत ठेवला, झाकण नीट लावून. "अम्मा, मैं छठी पास हूँ, मुझे उसमें बादल दिखते हैं. डॉक्टर साहब को बच्चे का दिल दिखता है, रीढ़ दिखती है, वो सब बताएँगे. बाकी जो तुम पूछ रही हो, उससे हम तीनों जेल जाएँगे, और मेरे घुटने ख़राब हैं." सासू पुटपुटत बसली. सून मान खाली घालून बसली होती, तिच्या हाताची बोटं पांढरी पडलेली. तिला आत नेताना जिज्जींनी तिचा तो हात धरला आणि तपासणी संपेपर्यंत सोडला नाही. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाल्या की मला दोन मुलीच आहेत. पहिली झाली तेव्हा माझी बोटं अशीच होती.

दुसरा एक प्रसंग मी सांगू नये असं वाटतं, पण त्याशिवाय त्या पूर्ण होत नाहीत. सातवा महिना लागलेली एक मुलगी आली होती, दोन दिवस बाळ हललं नाही म्हणून. डॉक्टरसाहेब गप्प झाले ते गप्पच. पडद्याबाहेर मला मशीनच्या बटणांचा आवाज येत होता, मग तोही थांबला. मुलीने डॉक्टरांना विचारलं नाही. जिज्जींना विचारलं, "जिज्जी, हिल रहा है न?" मग जिज्जींचा आवाज आला, "डॉक्टर साहब बताएँगे बेटा. मैं यहीं हूँ." डॉक्टरांनी सांगितलं. त्यानंतर अर्धा तास जिज्जी बाहेर आल्या नाहीत, बाक खोळंबलं, आणि डॉक्टरसाहेबांनीही त्यांना हाक मारली नाही. दुपारी डबा खाताना त्या मला म्हणाल्या की त्यांना आधीच कळलं होतं, बावीस वर्षांत एवढं कळतं. "पण सांगणं माझं काम नाही रे. थांबणं माझं काम." मग त्यांनी डबा अर्धा तसाच बंद केला.

त्या मला ग्रॅज्युएट म्हणत. काय रे ग्रॅज्युएट, चहा घेतलास? ग्रॅज्युएट, अक्षर मोठं कर, म्हातारी माणसं वाचतात. त्यात थट्टा होती आणि माया होती, आणि मला दोन्ही आवडत. पण मनात कुठेतरी मला खरोखरच वाटत असे, की मी ग्रॅज्युएट आहे. म्हणून तर ती पर्ची, ती छापील चिठ्ठी, झाली.

जिज्जींचा आवाज रोज बसलेला बघून मला वाटलं, हे सगळं छापून का देऊ नये? माणूस चाळीस वेळा तेच सांगतो, कागद एकदाच छापावा लागतो. एका रविवारी डबऱ्याला घरी बसून मी हिंदीत पाच ओळी लिहिल्या. पहिली उपाशी येण्याची, दुसरी पाण्याची, तिसरी सैल कपड्यांची, चौथी जुन्या रिपोर्टांची. पाचवी ओळ मी वडिलांकडे बघून लिहिली. ते एकदा रक्ताच्या तपासणीला उपाशी जायचं म्हणून रक्तदाबाची गोळीही न घेता गेले होते आणि रस्त्यात चक्कर येऊन बसले होते. म्हणून पाचवी ओळ: रोज़ की दवा न छोड़ें.

डॉक्टरसाहेब खूश झाले. पाचशे पर्च्या छापून आल्या. जिज्जींनी एक पर्ची घेतली, खिडकीपाशी नेली आणि बोट ठेवून वाचली. चार ओळींवरून बोट पुढे गेलं, पाचवीवर थांबलं.

"ही ओळ बीपीवाल्याला चांगली आहे," त्या म्हणाल्या. "शुगरवाल्याला नको. तो उपाशीपोटी सुई टोचून येईल, आणि इथे बसल्या बसल्या त्याची साखर उतरेल."

त्या शुगरवाल्यांना कसं सांगत हे मी रोज ऐकत होतो. आधी विचारत, रोज काय घेता? साखरेची गोळी किंवा सुई असेल तर म्हणत, आपल्या डॉक्टरला आदल्या दिवशी विचारा, की तपासणीच्या सकाळी किती घ्यायची, घ्यायची की नाही. आणि आमच्याकडे पहिला नंबर घ्या. पहिला नंबर त्या कायम शुगरवाल्यासाठी अडवून ठेवत. हे सगळं मला माहीत होतं आणि तरी माझ्या पर्चीत नव्हतं.

मी म्हणालो की पुढच्या छपाईत बदलतो. तोवर काय, असं त्यांनी विचारलं. तोवर तुम्ही सांगालच की, असं मी म्हणालो.

पण आठवडाभरात डॉक्टरसाहेबांनीच त्यांना सांगितलं, की आता पर्ची आहे, बोलत बसू नका, पेशंट पटापट आत घ्या. मी टेबलावर पर्च्या देऊ लागलो. पहिला नंबर जो पहिला येईल त्याला जाऊ लागला. जिज्जींचा आवाज दुपारी बसेनासा झाला. मी ते बघून मनात समाधानी होतो. आज लिहिताना त्या समाधानाची लाज वाटते.

एका दुपारी जिज्जी आत होत्या तेव्हा एक म्हातारी आली, नवऱ्याच्या पोटाच्या तपासणीचा नंबर घ्यायला. मी पर्ची दिली. तिला वाचता येत नसावं, तिने विचारलं, "बेटा, इनको सबेरे सुई लगती है शुगर की. लगवा दें?" फोन वाजत होता. मी फोन उचलता उचलता म्हणालो, "लिखा है न अम्मा. रोज़ की दवा नहीं छोड़नी."

दुसऱ्या दिवशी त्यांचा नंबर सतरावा होता. डाकखान्यातून रिटायर झालेले गृहस्थ, स्वच्छ पांढरा कुर्ता. साडेदहाच्या सुमाराला जिज्जी एका पेशंटला सोडायला पडद्याबाहेर आल्या आणि तिथेच थांबल्या. मला त्यांच्यात काही दिसलं नव्हतं. जिज्जींना दिसलं, डिसेंबरमध्ये त्या माणसाचा कुर्ता घामाने पाठीला चिकटला होता. त्या "बाबूजी" म्हणेपर्यंत ते बाकावरून पुढे पडले. मनगट खाली आलं आणि त्याचा आवाज झाला.

जिज्जी खाली बसल्या. डोळे उघडे आहेत, गिळता येतंय हे आधी बघितलं, मग पिशवीतून ग्लुकोजची पुडी काढून पाण्यात कालवली आणि थोडं थोडं पाजलं. ती पुडी त्यांच्या पिशवीत कायम असे. मला वाटायचं, ती त्यांच्या स्वतःसाठी आहे. डॉक्टरसाहेब बाहेर आले, नाडी बघितली, मोठ्या दवाखान्यात पाठवा म्हणाले. म्हातारी नवऱ्याबरोबर गाडीतून गेली. ते वाचले. मनगट मोडलं होतं, ते पुढे जुळलं.

तासाभराने त्यांचा मुलगा आला, दोन माणसं बरोबर घेऊन, हातात पर्ची. तो ओरडत नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटत होती. त्याने पाचव्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, हे कुणी सांगितलं? डॉक्टरसाहेबांनी पर्ची घेऊन पहिल्यांदाच नीट वाचली असावी. ते म्हणाले की ही पर्ची सगळ्यांसाठी आहे, सुईचं वेगळं तोंडी सांगितलं जातं. मग त्यांनी आमच्या दोघांकडे बघितलं. "किसने समझाया था इनको?"

मी उठून उभा होतो. मला बोलायला वेळ होता. हे मी पुन्हा लिहितो: मला बोलायला पुरेसा वेळ होता.

"मैंने," जिज्जी म्हणाल्या. "सुई का बताना रह गया. गलती मेरी है." आणि त्या मुलाला हात जोडले. वकिलांना आत घेताना जोडले होते तसेच.

महिनाअखेरीस डॉक्टरसाहेबांनी त्यांना सांगितलं की आता आराम करा. कडक शब्दांत नाही. त्या जाताना मी खाली कापडाच्या दुकानापर्यंत सोडायला गेलो. त्यांच्या पिशवीत पाण्याचा जग आणि जेलचा डबा होता, दोन्ही त्यांनी स्वतःच्या घरून आणलेले. पायऱ्या उतरताना प्रत्येक पायरीवर त्या दोन्ही पाय ठेवत. मी म्हणालो की मी आत्ता वर जाऊन सगळं सांगतो.

"सरकारी जागेचा फॉर्म भरलाय न तू?" त्या म्हणाल्या. "त्याला अनुभवाचा आणि चाल-चलनाचा कागद लागेल. तो डॉक्टरसाहेबच देणार. आणि ह्या एकोणीस पायऱ्या माझ्यानं तशाही होऊन नाही राहिल्या." मग पिशवी दुसऱ्या हातात घेऊन म्हणाल्या, "एक काम कर, ग्रॅज्युएट. ती ओळ काढ."

त्या संध्याकाळी उरलेल्या सगळ्या पर्च्या मी फाडल्या. कागद मला मिळाला. जागाही मिळाली, शेजारच्या जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यात, सोनोग्राफीच्याच खिडकीवर.

ग्वाल्हेर सोडलं त्या दिवशी मी सवारीच्या टेम्पोतून महाराज बाड्याच्या चौकावरून स्टेशनकडे चाललो होतो. गर्दीत टेम्पो अडकला. समोर चौथऱ्याच्या कडेला जिज्जी बसलेल्या दिसल्या, पायांशी भाजीची पिशवी. शेजारी एक अनोळखी बाई, मांडीवर दवाखान्याचं मोठं पाकीट. जिज्जी तिला काहीतरी विचारत होत्या, तिचं ऐकून घेत होत्या, मग त्यांनी चार बोटं वर केली. चार पेले. मी हाक मारली नाही. उतरायलाही हवं होतं. टेम्पो सुटला.

गेल्या महिन्यात माझ्या खिडकीवर एक तरुण बाई आली, सासऱ्यांच्या तपासणीसाठी. मी विचारलं, रोज काय घेतात? ती म्हणाली, शुगरची सुई घेतात, आणि सकाळी टोचूनच आणणार आहे, असंच सांगितलंय. कुणी, असं विचारलं तर तिने मोबाइल पुढे केला. कुणीतरी कुणालातरी पाठवलेला एक फोटो होता, कडा पुसट झालेला. पाच ओळी. माझ्या.

त्या बाईला सगळं समजावून सांगितलं, सासऱ्यांचा पहिला नंबर लावला. मग खिडकी दहा मिनिटं बंद ठेवली. त्या रविवारी मी जिज्जींना पत्र लिहिलं. ते असं:

आदरणीय जिज्जी,

साष्टांग नमस्कार. अक्षर मोठं काढतो आहे.

मी प्रमोद, ग्रॅज्युएट. तुमच्या गोरखी वाड्यामागच्या घराचा पत्ता खालच्या कापडवाल्यांकडून मिळाला. गुडघे कसे आहेत?

तुम्ही काढायला सांगितलेली ओळ मी काढली होती, पण ती मोबाइलवर फिरते आहे. परवा माझ्याच खिडकीवर आली. तुम्ही एका माणसाला वाचवलंत आणि मला वाचवलंत, पण ओळ तशीच हिंडत राहिली, कारण ती चूक आहे हे तिच्याबरोबर कुणी सांगितलं नाही. ते सांगायचं काम माझं होतं.

डॉक्टरसाहेबांना आजच वेगळं पत्र टाकलं आहे. ओळ मी लिहिली, म्हातारीला मी सांगितलं, तुम्ही तेव्हा आत होता, तुम्ही ती ओळ आधीच दाखवली होती, हे सगळं त्यात आहे. डाकखान्याच्या त्या बाबूजींच्या मुलालाही लिहिलं आहे. इथल्या मोठ्या साहेबांना मी स्वतः सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पुढे काय होईल ते होईल. तुम्ही मला न विचारता माझं नाव वाचवलं होतं, मी तुम्हाला न विचारता हे केलं आहे. रागवायचं असेल तर रागवा.

मी आता दिवसभर बोलतो. दुपारी आवाज बसतो. चाळिसाव्या माणसालाही पहिल्यासारखं सांगणं किती कठीण आहे ते मला इथे कळलं.

लोकांना कागद लागतोच, म्हणून नवी पर्ची लिहिली आहे. या पत्रासोबत ठेवली आहे. तिची पहिली ओळ आता प्रश्न आहे: आप रोज़ कौन-सी दवा लेते हैं? सुई-गोळीचं आपल्या डॉक्टरला विचारायचं आणि पहिला नंबर मागायचा, हे त्याच्या खाली. डॉक्टर गप्प राहतील, ते मोजतात, हेही लिहिलं आहे. तुमचंच सगळं आहे.

खिडकीपाशी बसून, बोट ठेवून वाचा. कुठे बोट थांबलं तर कळवा. अजून छापायला दिलेली नाही. मी थांबलो आहे.

तुमचा,
प्रमोद